संध्याकाळचं ऊन, मेंढरांचा कळप आणि कॅननची ७०-२०० एफ/४ : एफ/२.८ खरंच लागते का?

मेंढपाळ आणि कळपाचे संध्याकाळचे फोटो काढायचेत, कुठली लेन्स घेऊ, असं कोणी विचारलं की दहातले आठ जण डोळे मिटून एफ/२.८ वाली ७०-२०० सांगतात, कारण काय तर संध्याकाळ म्हणजे उजेड कमी आणि उजेड कमी म्हणजे मोठं अ‍ॅपर्चर पाहिजे. (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं.) ऐकायला बरोबर वाटतं पण या कामापुरतं मला ते अजिबात पटत नाही. मी कॅननची ईएफ (म्हणजे आरशाच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांसाठीची) ७०-२०० एमएम एफ/४ एल आयएस, तिची दुसरी आवृत्ती, फुल फ्रेम (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या) बॉडीवर वापरतोय आणि बऱ्याच संध्याकाळी कळपामागे चालून झाल्यावर माझं मत असं झालंय की इथे एफ/४ ही तडजोड नाही, उलट बऱ्याचदा एफ/४ सुद्धा जास्तच उघडं पडतं. कसं ते सांगतो, आणि जिथे ही लेन्स कमी पडते तेही सांगतो.

आधी कागदावरची माहिती पटकन. ही २०१८ साली आली, एफ/२.८ ची तिसरी आवृत्ती पण त्याच वेळी आली होती. वजन ७८० ग्रॅम, फिल्टर ७२ एमएमचा, जवळात जवळ १ मीटरवर फोकस होतो, अ‍ॅपर्चरला ९ गोल पाती आहेत आणि स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी आयएसची सोय, पाच स्टॉपचं सांगितलंय (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आधीची २००६ ची आयएस वाली होती तिला फिल्टर ६७ चा, फोकस १.२ मीटरपासून आणि स्टॅबिलायझेशन चार स्टॉपचं. म्हणजे ज्याच्याकडे जुनी आहे त्याने फक्त यासाठी धावत जाऊन नवी घ्यावी असं काही नाही, जुनीसुद्धा अजून फार चांगली लेन्स आहे.

आता मुद्द्याचं. कळप म्हणजे एक माणूस उभा करून काढलेला पोर्ट्रेट नाही. पुढे दोन मेंढ्या, मध्ये मेंढपाळ, मागे पन्नास मेंढरं, बाजूला कुत्रा, एवढं सगळं फ्रेममध्ये असतं आणि त्यातलं निदान मेंढपाळ आणि त्याच्या भोवतालची चार-सहा जनावरं तरी शार्प पाहिजेत, नाहीतर फोटो बघणाऱ्याला कळतच नाही की नजर कुठे ठेवायची. २०० एमएमवर, माणूस २० मीटरवर असेल तर एफ/२.८ ला जेमतेम १.७ मीटर खोली शार्प मिळते, एफ/४ ला साधारण २.४ मीटर आणि एफ/८ ला जवळपास ५ मीटर. १.७ मीटर म्हणजे एक मेंढी आणि तिच्या मागच्या मेंढीचं तोंड, बस. एवढ्यात कळप बसत नाही हो. त्यामुळे एफ/२.८ घेऊन गेलेला माणूससुद्धा शेवटी एफ/५.६ किंवा एफ/८ वरच येतो, मग ती जादाची काच खांद्यावर वागवायची कशाला? आणि ७० एमएमला याच अंतरावर एफ/४ ला साधारण १३ मीटरपासून ३९ मीटरपर्यंत सगळं शार्प येतं, म्हणजे तिथे तर प्रश्नच मिटला.

हां, एकटा मेंढपाळ काठीवर रेलून उभा आहे आणि मागचा कळप नुसता उजेडाचे ठिपके होऊन जावा असं पाहिजे असेल तर एफ/२.८ ला जे दिसतं ते एफ/४ ला तितकं दिसणार नाही. पण मेंढपाळ ८-१० मीटरवर असेल आणि कळप त्याच्या बराच मागे, तर २०० एमएमवर एफ/४ सुद्धा मागचं छान विरघळवून टाकते. माझं तेवढ्यावर भागतं.

वजनाचं बोलायचं तर एफ/२.८ ची तिसरी आवृत्ती १४८० ग्रॅम आहे, म्हणजे हिच्या जवळजवळ दुप्पट. लोक म्हणतात सातशे ग्रॅमने काय होतंय. स्टुडिओत किंवा गाडीजवळ उभं राहून काढायचं असेल तर काहीच होत नाही. पण कळप एका जागी थांबत नाही ना. मेंढ्यांचं चरणं दिवसभर सारखं चालू नसतं, सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी उन्हं उतरताना त्या सगळ्यात जोरात चरतात, दुपारी बसून रवंथ करतात, म्हणजे नेमक्या चांगल्या उजेडात कळप चालता असतो. तुम्हाला त्याला वळसा घालून पुढे जायचंय, सूर्य कळपाच्या मागे येईल अशी जागा धरायचीय, तिथे गुडघ्यावर बसायचंय, चार फोटो काढून परत उठून पुढे पळायचंय. हे सगळं ढेकळांतून आणि काट्याकुट्यांतून. आणि वेळ किती असतो? विषुववृत्ताजवळ सूर्य जवळपास सरळ खाली उतरतो, तिथे क्षितिजाच्या वर ६ अंशांपासून क्षितिजापर्यंत यायला त्याला साधारण २४ मिनिटं लागतात, जसजसं ध्रुवांकडे जाल तसा उतार तिरका होत जातो आणि हीच वेळ लांबते. तुम्ही कुठे आहात त्यावर आहे, पण घाई सगळीकडेच असते. त्या घाईत हलकी लेन्स म्हणजे तीन जागा बदलता येणं आणि जड लेन्स म्हणजे एकाच जागी रुतून बसणं, मी स्वतः तीन जागा घेईन.

स्टॅबिलायझेशनबद्दल फार गैरसमज आहे म्हणून जरा थांबतो. पाच स्टॉप म्हणजे २०० एमएमवर जिथे १/२०० सेकंदाचा शटर लागला असता तिथे कागदावर १/६ पर्यंत हाताने जाता येतं, पण हे सगळं तुमच्या हाताच्या थरथरीसाठी आहे, मेंढीच्या पायांशी त्याचं काही देणंघेणं नाही. चालत्या कळपाला १/२०० ठेवला तरी पाय आणि माना हलतात, १/५०० असला की निर्धास्त. एखादं कोकरू उड्या मारत असेल तर १/१००० च्या खाली जाऊ नका. मग आयएसचा उपयोग कधी? जेव्हा मेंढपाळ शांत उभा आहे, बसलाय, मेंढ्या बसल्यात, सूर्य बुडालाय आणि आभाळात रंग उरलाय, तेव्हा १/३० ला सुद्धा कडक शार्प फोटो मिळतो आणि तिथे ट्रायपॉड घरी ठेवल्याचं वाईट वाटत नाही. लेन्सवर तीन मोड आहेत. पहिला नेहमीचा. दुसरा पॅनिंगचा, मेंढपाळ आडवा चालत जातोय त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवत १/३० ला काढायचं, मागची मेंढरं आडव्या रेषा होऊन जातात आणि माणूस जमला तर जमतो, नाही जमला तर परत. तिसऱ्या मोडमध्ये स्टॅबिलायझेशन फक्त क्लिक होतानाच लागतं, त्यामुळे फ्रेम मध्येच ओढल्यासारखी वाटत नाही, इकडे तिकडे पळणाऱ्या कोकरांसाठी मी हाच ठेवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सूर्यासमोर ही लेन्स कशी वागते. कारण मेंढ्यांचा संध्याकाळचा फोटो म्हणजे नव्वद टक्के उजेड समोरून. सूर्य पाठीशी घेऊन काढलात तर मेंढ्या नुसत्या पिवळट दिसतात, सपाट. सूर्य त्यांच्या मागे गेला की लोकरीच्या टोकांतून उजेड आरपार येतो, प्रत्येक मेंढीला सोनेरी कड बसते, कानांची पातळ कातडी लालसर पेटल्यासारखी दिसते आणि खुरांनी उडवलेली धूळ जी सूर्य पाठीशी असताना दिसतसुद्धा नव्हती ती अचानक फोटोचा अर्धा भाग होऊन बसते. या लेन्समध्ये २० काचा आहेत, एवढ्या काचांमधून सूर्य सरळ आत घेतला की कॉन्ट्रास्ट थोडा पडणारच, ते कुठल्याही झूमला चुकत नाही. सूर्य फ्रेमच्या जरा बाहेर असला की हूड (लेन्सच्या तोंडावरचं कडं) बरंच काम करतो, पण सूर्य अगदी खाली असला की हूडचाही इलाज चालत नाही, मग मी डावा हात लेन्सच्या वर आडवा धरतो, किंवा सरळ मेंढपाळाच्या डोक्यामागे सूर्य लपवतो. हे दुसरं सगळ्यात भारी, एक पाऊल डावीकडे उजवीकडे सरकून बघा, टोपीची किंवा पागोट्याची कड उजळते आणि फ्लेअर, म्हणजे सूर्यामुळे फोटोवर येणारे उजेडाचे डाग, पार गायब. थोडा धुरकटपणा राहिलाच तरी धुळीच्या फोटोत तो खपून जातो, कधीकधी मला तो आवडतो पण.

फोकसचं म्हणाल तर ऑटोफोकस वेगवान आहे, आवाज जवळपास नाहीच, पण समोरून ऊन, त्यात धूळ, आणि सगळ्या मेंढ्या एकाच रंगाच्या, असं असलं की कुठलाही ऑटोफोकस चाचपडतो. पॉइंट लोकरीच्या मधोमध ठेवू नका, तिथे त्याला धरायला काही मिळत नाही. मेंढपाळाच्या खांद्याची कड, काठी, मेंढीच्या तोंडाची काळी-पांढरी सीमा, असं काहीतरी द्या. लेन्सवर फोकस लिमिटरचा खटका आहे तो ३ मीटर ते अनंत वर ठेवून द्या, समोर गवताचं पातं आलं की लेन्स उगाच जवळ धावत जाऊन परत येते ते वाचतं. आणि फोकस रिंग ऑटोफोकस चालू असतानाही फिरवता येते, त्याचा मला इथे जाम उपयोग होतो.

एक्स्पोजर हा लेन्सचा गुण-दोष नाही पण यावरून लोक लेन्सला शिव्या देतात म्हणून लिहितो. कॅमेऱ्याच्या मीटरला सगळं जग मधल्या करड्या रंगाचं करायचं असतं. पांढऱ्या मेंढ्यांनी फ्रेम भरली आणि ऊन तुमच्या पाठीमागून त्यांच्यावर पडत असेल तर फोटो मळकट येणार, तिथे एक्स्पोजर अधिक २/३ ते अधिक १ स्टॉप करा. उलट सूर्य मेंढ्यांच्या मागे असेल तर मीटर अंधाऱ्या अंगाकडे बघून उजेड वाढवतो आणि ती सोनेरी कड जळून पांढरी होते, मग वजा २/३ किंवा वजा १ करा आणि सावल्या नंतर रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून) वर काढा. कड एकदा जळली की कोणत्याही सॉफ्टवेअरमधून परत येत नाही. हायलाइट अलर्ट (जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारी सोय) चालू ठेवा, लोकर लुकलुकायला लागली की समजायचं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर कॅमेरा इमानदारीने सगळं सोनं धुऊन काढायला बघतो. मी डेलाइटवर, म्हणजे ५२०० केल्विनच्या आसपास टाकतो आणि विसरून जातो. सूर्य क्षितिजावर असताना त्याच्या उजेडाला डोक्यावरच्या सूर्यापेक्षा साधारण ३८ पट हवेतून यावं लागतं, निळा भाग वाटेतच विखुरतो आणि तांबूस उरतो, तोच तर आपल्याला पाहिजे आहे, मग कॅमेऱ्याला तो पुसायला कशाला सांगायचं.

रंगावरून आठवलं, लेन्सचा पांढरा रंग. ही शोभा नाही, आत फ्लोराइटची काच आहे ती तापली की प्रसरण पावते म्हणून लेन्सचं अंग उन्हात कमी तापावं यासाठी कॅननच्या मोठ्या लेन्स पांढऱ्या असतात. पण कळपाजवळ याचा त्रास आहे. मेंढीची बाहुली आडवी असते, मान न वळवता तिला जवळजवळ सगळ्या बाजूचं दिसतं, फक्त अगदी पाठीमागचा भाग सोडला तर, त्यामुळे मागून हळूच जाऊ वगैरे विचार सोडून द्या, तिने तुम्हाला कधीच बघितलंय. पांढरी नळी तिच्याकडे रोखून झटकन वर केली की पुढच्या चार मेंढ्या बिचकतात आणि त्यांच्यामागे सगळा कळप सरकतो. मी लेन्सवर मातकट कापडी कव्हर चढवलंय आणि कॅमेरा छातीशी धरून हळू वर आणतो. लक्षात ठेवा, मेंढीच्या खांद्याच्या मागून जवळ गेलात तर ती पुढे पळते, खांद्याच्या पुढून गेलात तर मागे वळते, म्हणजे तुम्ही कुठे उभे राहता यावर कळपाची दिशा बदलते आणि संध्याकाळी कळप आत घ्यायची वेळ असताना मेंढपाळाला हे अजिबात परवडत नाही. त्यामुळे आधी त्याच्याशी बोलायचं, दादा इथे बसलो तर चालेल का, कुठून जाणार आहेत या, एवढं विचारलं की तोच सांगतो त्या टेकाडावर जाऊन बस म्हणून, आणि त्याने सांगितलेली जागा नव्वद टक्के वेळा माझ्यापेक्षा चांगली निघते. राखणीचा कुत्रा असेल तर कुत्रा आणि कळप यांच्या मध्ये कधीच शिरू नका. गाभण मेंढ्या असतील तर लांबच राहायचं. आणि इथेच २०० एमएमचा खरा फायदा आहे, ३० मीटरवर बसून काम होतं, कोणाला धक्का लागत नाही.

झूमचा पल्ला या विषयाला मस्त बसतो, पण ७० च्या टोकाला कधीतरी अडतं. कळप अंगावरून दोन्ही बाजूंनी वाहत जातोय आणि मेंढपाळ मध्ये, मोठं आभाळ वर, हा फोटो ७० ने निघत नाही, त्याला २४ किंवा ३५ लागते. माझ्या पिशवीत एक छोटी ३५ असते तेवढ्यासाठी. बाकी ८५ ते १३५ मध्ये सगळ्यात जास्त फोटो निघतात असं मला दिसलंय, २०० ला कळप इतका दाटतो की नुसती लोकरीची भिंत वाटते. फ्रेंच चित्रकार मिले याचं एक मेंढपाळणीचं चित्र आहे, १८६४ च्या पॅरिस सलोन प्रदर्शनात लागलेलं, आता पॅरिसच्या म्युझे दोर्से संग्रहालयात आहे, ते नीट बघा. बाई पुढे उभी राहून विणतेय, मान खाली, आणि कळप मागे एकाच आडव्या पट्ट्यासारखा, पाठींवर उजेड. एकही मेंढी वेगळी काढून दाखवायचा आटापिटा नाही. कॅमेरा मेंढीच्या डोळ्यांच्या उंचीला आणला की असा पट्टा मिळतो, त्यासाठी गुडघ्यावर बसावंच लागतं. उलट टेकाडावरून खाली बघत काढलं तर कळपाचा आकार दिसतो, पांगलेला, लांबलेला, आणि प्रत्येक मेंढीची लांबच लांब सावली. दोन्ही करून बघा.

धुळीचं एक बरं आहे. हिची झूम आणि फोकस दोन्ही आतल्या आत होतात, लेन्स लांब होत नाही, म्हणजे पुढे-मागे सरकणारी नळी नाही. माउंटला रबराचा गास्केट आहे. पुढच्या आणि मागच्या काचेवर फ्लोरीनचा थर आहे, धूळ आणि बोटांचे ठसे पटकन निघतात. तरी आधी ब्लोअर मारायचा आणि मगच कापड, मातीचा कण कापडाखाली घासला गेला तर थर बिर काही वाचवत नाही. आणि कळपात उभं असताना लेन्स बदलू नका प्लीज. ट्रायपॉडची रिंग बरोबर येत नाही, वेगळी घ्यावी लागते, मला तिची गरज वाटली नाही कारण मी ट्रायपॉड लावतच नाही, पण व्हिडिओ काढणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं.

आता कुठे कमी पडते. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, कळप अजून चालतोय आणि तुम्हाला १/२५० तरी पाहिजे, तेव्हा एफ/४ ला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, चढवली की फोटोत दाणे म्हणजे नॉइज वाढतो) ३२००, ६४०० असं चढत जातं. एफ/२.८ असती तर एक स्टॉप वाचला असता, म्हणजे ६४०० च्या जागी ३२००. हा फरक खरा आहे, नाकारत नाही. पण तेवढ्या एका स्टॉपसाठी दुप्पट वजन घेण्यापेक्षा मी ८५ एमएम एफ/१.८ बरोबर ठेवीन, ती एफ/४ पेक्षा सव्वादोन स्टॉपच्या वर उजेड देते आणि खिशात मावते. शिवाय आजकालच्या बॉडी ६४०० ला जे देतात ते बघता धुळीच्या, अंधारलेल्या फोटोत नॉइज कोणाच्या डोळ्यात भरत नाही.

मिररलेस वाले विचारतील म्हणून, आर माउंटच्या, म्हणजे कॅननच्या मिररलेस, बॉडीवर ही अ‍ॅडॅप्टर लावून नीट चालते, अ‍ॅडॅप्टरमध्ये काच नसते त्यामुळे दर्जा कमी व्हायचा प्रश्न नाही. आर माउंटची स्वतःची ७०-२०० एफ/४ २०२० साली आली, ती ६९५ ग्रॅम आणि पिशवीत फार आखूड मावते, ०.६ मीटरवर फोकस होतो, कोकराच्या तोंडाचा क्लोजअप काढणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. पण ती झूम करताना बाहेर येते आणि तिला एक्स्टेंडर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारा, पल्ला वाढवणारा जोड) बसत नाही. माझ्या ईएफवाल्या हिला १.४ चा एक्स्टेंडर लावला की २८० एमएम एफ/५.६ होते, लांबच्या डोंगरधारेवरून जाणाऱ्या कळपासाठी मी तेच करतो. नव्याने सगळंच घेणार असाल तर आर वाली घ्या, हलकी पडेल. ईएफची बॉडी किंवा अ‍ॅडॅप्टर आधीच असेल तर वापरलेली ही दुसरी आवृत्ती शोधा, घेताना समोरची काच उजेडात तिरकी धरून ओरखडे बघा, आयएस चालू-बंद करून व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र स्थिर होतंय का बघा आणि २०० एमएमला एफ/४ वर चारही कोपऱ्यांचा एक टेस्ट फोटो काढूनच पैसे द्या.